माउलींच्या हातावर ती गोळी ठेवण्याआधी

प्रति,
आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दोन्ही पालखीमार्गांवर मोफत औषधोपचार करणारी सेवा मंडळं, तरुण मंडळं, औषध दुकानदार आणि दिंड्यांसोबत चालणारे माझे डॉक्टर सहकारी यांस

विषय : अंगदुखीच्या गोळ्यांचं आणि इंजेक्शनांचं सरसकट वाटप

राम कृष्ण हरी.

मी पोटविकारांची डॉक्टर आहे. सोलापूर जिल्ह्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून थोड्याच अंतरावरच्या एका गावात बावीस वर्षं दुर्बिणीनं पोट तपासते आहे. तुमच्या सेवेबद्दल मला काय वाटतं ते आधी सांगते. दिवे घाट चढून आलेल्या सत्तरीच्या बाईपुढं जमिनीवर बसून, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन, टाचेतला काटा काढणारा कॉलेजचा मुलगा मी पाहिला आहे. त्यानं फोड धुतले, मलम लावलं, पट्टी बांधली आणि मग तिच्या पायावर डोकं ठेवलं. ही माया तसूभरही कमी व्हावी असं मला वाटत नाही. तिच्यातली एकच गोष्ट बदलावी म्हणून हे पत्र लिहिते आहे: उठताना त्यानं तिच्या हातात दिलेलं दहा गोळ्यांचं पाकीट.

दोन वर्षांपूर्वी माळशिरस आणि वेळापूरच्या दरम्यान चक्कर येऊन पडलेली एक आजी रात्री आमच्याकडं आणली. पापणीची आतली बाजू पांढरीफटक, नाडी एकशेतीस, हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. दोन दिवसांपासून संडासला काळं, डांबरासारखं होत होतं. तिला वाटलं, पाणी बदललं म्हणून असेल. सोबतच्या बाईनं तिची पिशवी माझ्यापुढं रिकामी केली. टाळ, बुक्क्याची डबी, एक छोटी पोथी आणि वेगवेगळ्या मुक्कामांवर मिळालेली गोळ्यांची चार पाकिटं. एक हिरवं, एक चंदेरी, दोन लाल. त्यांतल्या तीन पाकिटांत डायक्लोफिनॅक किंवा त्याचंच भावंड होतं, फक्त नावं आणि कंपन्या वेगळ्या. ती तिन्ही घेत होती, कारण तिच्या लेखी ती तीन वेगळी औषधं होती: एक गुडघ्याचं, एक कमरेचं, एक अंगातल्या कणकणीचं. शिवाय हृदयात स्टेंट बसवल्यापासून रोजची सुरू असलेली ॲस्पिरिन घरून आणलेली होतीच.

पहाटे दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या भागात रुपयाएवढा व्रण, म्हणजे अल्सर होता, त्यावर रक्ताची गाठ बसलेली आणि कडेनं रक्त झिरपत होतं. तिथं इंजेक्शन दिलं, क्लिप लावली, तीन पिशव्या रक्त चढवलं. ती वाचली. एकादशीच्या दिवशी ती आमच्या वॉर्डातच होती, खिडकीकडं तोंड करून बसलेली. मी तिला विचारलं, "आजी, पोट दुखत नव्हतं का?" ती म्हणाली, "दुखलं असतं तर सांगितलं नसतं का, डॉक्टरीणबाई?"

तिचं उत्तर मी विसरू शकत नाही, कारण ते अगदी खरं आहे. या गोळ्यांनी होणाऱ्या व्रणांत आधी पोटदुखी आणि मग रक्तस्राव असा क्रम असेलच असं नाही. कित्येकांच्या बाबतीत रक्तस्राव हीच पहिली खूण असते. जे औषध दुखणं बंद करायला घेतलं, ते पोटातल्या जखमेचं दुखणंही झाकतं.

आता मूळ मुद्द्याकडं येते, आणि इथं जरा वेळ घेणार आहे. गोळी पोटात नेमकं काय करते याबद्दल आपल्याकडं, अगदी शिकलेल्या माणसांतही, जी समजूत आहे तिथंच घोटाळ्याचं मूळ आहे. लोक म्हणतात, गोळी उष्ण पडते. किंवा म्हणतात, गोळीनं पित्त होतं. म्हणून ती जेवून घ्या, दुधाबरोबर घ्या, नाहीतर सरळ इंजेक्शन घ्या, म्हणजे पोटाचा संबंधच नको. या सगळ्यामागं एकच कल्पना आहे: गोळी जिथं टेकते तिथं भाजते. त्यात थोडं तथ्य आहे. ॲस्पिरिनसारखी आम्लधर्मी गोळी जठराच्या पेशींत शिरून अडकते आणि तिथं इजा करते. पण मोठा घाव रक्ताच्या वाटेनं येतो.

आपलं जठर रोज जे ॲसिड तयार करतं ते इतकं तीव्र असतं की मांस विरघळतं. मग जठर स्वतः का विरघळत नाही? त्याच्या आतल्या अस्तरावर चिकट बुळबुळीत थर असतो आणि त्या थरात ॲसिड मारणारा क्षार, म्हणजे बायकार्बोनेट, मिसळलेला असतो. त्याच्याखाली पेशींची एकच ओळ, आणि ती दर काही दिवसांनी नवी होते. हा चिकट थर बनवायला, क्षार पुरवायला, झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या आणायला आणि थर ओलांडून आत शिरलेलं थोडंफार ॲसिड धुऊन न्यायला एकच गोष्ट लागते: वाहतं रक्त. निसर्गाची इथली रचना मला आजही थक्क करते. ॲसिड तयार करणारी पेशी जेवढं ॲसिड जठराच्या पोकळीत सोडते, तेवढाच क्षार मागच्या बाजूनं रक्तात सोडते. ते क्षारयुक्त रक्त केसासारख्या बारीक वाहिन्यांतून वर चढतं आणि पृष्ठभागावरच्या पेशींच्या अगदी खालून जातं. म्हणजे ॲसिड जितकं जास्त, तितका त्याच्यावरचा उतारा त्याच क्षणी जवळ पोहोचतो. रक्त वाहतं आहे तोवर.

फलटण-माळशिरसच्या पट्ट्यातल्या माणसाला हे पाटाच्या पाण्यावरून लगेच कळेल. नीरेच्या कालव्याला पाणी असतं, चाऱ्यांना, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या फाट्यांना, पाणी येतं, पण दार अर्धं पाडलं की सगळ्यात आधी कोण कोरडं पडतं? टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरी. जठराच्या अस्तरात वरच्या थरातल्या पेशी या टेलच्या शेतकऱ्यासारख्या आहेत. रक्त खालून, ग्रंथींच्या बुडापासून वर येतं आणि त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचतं. आणि ॲसिडशी गाठ त्यांचीच असते.

ही दारं उघडी ठेवण्याचं मोठं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. ती बारीक रक्तवाहिन्या सैल ठेवतात, चिकट थर आणि क्षार वाढवतात, ॲसिडही थोडं आवरतं घेतात. अडचण अशी की याच कुटुंबातली द्रव्यं मुरगळलेल्या घोट्यात सूज आणि ठणकाही निर्माण करतात. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, ॲस्पिरिन ही सगळी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात. घोट्यातलं तेवढं अडवायचं आणि जठरातलं सोडायचं, हे गोळीला जमत नाही. ती रक्तात मिसळते आणि सगळीकडं पोहोचते.

जठरात मग वाहिन्या आकसतात, अस्तराचा रक्तपुरवठा घटतो. शिवाय आणखी एक गोष्ट होते, ती प्राण्यांवरच्या प्रयोगांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटू लागतात. चारीत गवत माजावं आणि उरलंसुरलं पाणीही तुंबावं, तसं. चिकटलेल्या पेशी नुसत्या अडत नाहीत, भिंतीला इजा करणारी द्रव्यंही सोडतात. ज्या उंदरांच्या रक्तातून या पेशी आधी कमी केल्या होत्या, त्यांच्या जठराला त्याच औषधानं कितीतरी कमी इजा झाली. त्यावरून हा रक्तप्रवाहाचा भाग किती महत्त्वाचा आहे ते कळलं. रक्त कमी पडलं की आत शिरलेलं ॲसिड धुतलं जात नाही, झिजलेल्या जागी नव्या पेशी सरकत नाहीत, आणि सुईच्या टोकाएवढा ओरखडा खोल जात जात एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतो. त्यात ॲस्पिरिन किंवा तिची भावंडं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटनाही मंद करतात. जखमही तिचीच आणि जखम बुजू न देणंही तिचंच.

हे ज्ञान जुनं आहे. १९३८ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी ॲस्पिरिन घेतलेल्या माणसांच्या जठरात दुर्बिणीनं पाहून अस्तराला होणारी इजा नोंदवली. ती का होते, याची किल्ली १९७१ साली जॉन वेन यांनी शोधली: ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. त्या संशोधनासाठी १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. एवढी वर्षं झाली, पण आपल्या औषधवाटपाच्या टेबलांपर्यंत ते अजून "जेवून घ्या" एवढंच पोहोचलं आहे.

म्हणून आता तुम्हीच बघा. जेवून घेतल्यानं जळजळ कमी जाणवते, पण रक्तात गेलेलं औषध वाहिन्या आकसवायचं थांबत नाही. गोळीवर आवरण असलं, ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळली, तरी तेच. आणि कमरेत इंजेक्शन दिलं तरी तेच, कारण ते रक्तातूनच जठराच्या वाहिन्यांपर्यंत येतं. "सुई घेतली, पोटाला त्रास नाही" हे वाक्य मी इतक्या रुग्णांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यांना ते कुणीतरी विश्वासानं सांगितलेलं असतं.

याच्याच जोडीला मिरचीचा एक गैरसमज सांगते, कारण आजारी माणसाच्या ताटातून पहिला ठेचा काढला जातो. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळं जठरातल्या ज्या मज्जातंतूंना चेतना मिळते, तेच तंतू जठरात ॲसिड आत शिरताच रक्तप्रवाह वाढवून बचाव करतात. थोड्या प्रमाणातलं कॅप्सेसिन या बचावाला मदत करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. तिखटानं जळजळ होते हे खरं, ज्याला त्रास होतो त्यानं ते खाऊ नये. पण रक्त ओकणाऱ्या माणसाला "झुणका-ठेचा खाल्ला असशील" म्हणून घरी बसवून ठेवणं आणि त्याच्या खिशातल्या पाकिटाकडं न बघणं, यात जीव गेलेले आहेत.

आता वारीकडं या. नेमकी वारीच या गोळीसाठी इतकी वाईट जागा का आहे, हे मला तुम्हाला पटवून द्यायचं आहे.

माणूस चालतो तेव्हा रक्त पायांच्या स्नायूंकडं वळतं. ऊन असलं की कातडीकडंही वळतं, कारण अंग थंड ठेवायचं असतं. हे रक्त शरीर पोटातून काढून घेतं. श्रम जितके जास्त आणि अंगातलं पाणी जितकं कमी, तितकं जठर-आतड्यांचं रक्त जास्त घटतं. धडधाकट तरुण शरीराला ते चालतं, विसाव्याला पुन्हा भरून निघतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०१२ साली नऊ निरोगी, सराव असलेल्या तरुणांना सायकल चालवायला लावून तपासलं. श्रमानंच आतड्याच्या पेशींना थोडी इजा होत होती, पण आधी आयबुप्रोफेन घेतलं असेल तर ती स्पष्टपणे वाढत होती. ते खेळाडू होते. आपली माउली पासष्ट-सत्तर वर्षांची, डोक्यावर तुळस किंवा बोचकं, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे. पाणी कमी पिते. बायका तर मुद्दाम कमी पितात, कारण वाटेत आडोसा मिळेल याची खात्री नसते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मधली एकादशी येते, त्या दिवशी कुणी साबुदाण्यावर तर कुणी निर्जळी. म्हणजे पाटाचं आवर्तन आधीच कमी झालेलं असतं, आणि त्यात आपण दार पाडतो.

हीच गोष्ट मूत्रपिंडांची. अंगातलं पाणी घटलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनच्या जिवावर टिकलेला असतो. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर दोन-तीन दिवसांचं डायक्लोफिनॅकही लघवी बंद पाडू शकतं. पंढरपूरच्या आसपास काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना असे रुग्ण ओळखीचे आहेत. मी पोटाची डॉक्टर, तेव्हा इथंच थांबते.

"सोबत गॅसची गोळी देतो की," असं तुमच्यातल्या पुष्कळांनी मला सांगितलं आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल ही ॲसिड कमी करणारी औषधं खरंच उपयोगी आहेत आणि ज्याला अंगदुखीची गोळी टाळताच येत नाही त्याला ती द्यायलाच हवीत. ॲसिड कमी झालं की अशक्त अस्तरावरचा मारा कमी होतो. पण ती आटलेलं रक्त परत आणत नाहीत, आणि लहान आतड्याला ती राखत नाहीत. शिवाय त्यांचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस नियमित, जेवणाआधी घ्यावी लागतात. पाकिटासोबत हातावर ठेवलेल्या एका गोळीनं काम भागत नाही. प्रोस्टाग्लँडिनची जागा भरून काढणारं मिसोप्रोस्टॉल नावाचं औषधही आहे, अमेरिकेत ते १९८८ पासून याच कामासाठी मान्य आहे. पण त्यानं जुलाब होतात आणि गर्भपात होतो, म्हणून टेबलावरून वाटायची ती गोष्टच नव्हे.

आणि "पोटाला सोसणाऱ्या नव्या गोळ्या"? त्या निघाल्या, त्यांनी जठर बऱ्यापैकी वाचवलं. पण त्यांतलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळं २००४ साली जगभरातून मागं घ्यावं लागलं. बायपास किंवा स्टेंट झालेल्या वारकऱ्याला त्या गटातली गोळी रस्त्यात उभ्या-उभ्या देणं मला योग्य वाटत नाही.

एक कबुली. डॉक्टर झाल्यावर पहिली काही वर्षं मी स्वतः अशाच एका टेबलामागं उभी राहिले आहे. रांग मोठी असायची. समोरची म्हातारी "गुडघा" म्हणायची की मी पाकीट द्यायचे आणि पुढच्या माणसाकडं बघायचे. दिवसाच्या शेवटी किती जणांना औषध दिलं याचा आकडा आम्ही अभिमानानं फलकावर लिहायचो. त्यांतल्या किती जणांचं पुढं काय झालं ते मला कधीच कळणार नाही, कारण वारकरी पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो आणि जे व्हायचं ते दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात होतं. गोळी देणाऱ्याला तिचा परिणाम दिसत नाही, हीच वारीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. मला तो दिसतो, म्हणून सांगणं माझ्यावर येतं.

तर माझं मागणं काय आहे?

सगळ्यात आधी, पाकीट देऊ नका. गोळी द्यायचीच तर एक द्या, तीही तुमच्यासमोर पाण्याबरोबर घेऊ द्या. पाकीट दिलं की ते पिशवीत जातं, पिशवीतून शेजारणीला जातं, आणि पुढच्या मुक्कामावर दुसऱ्या रंगाचं आणखी एक मिळतं. डायक्लोफिनॅक हे कायद्यानंही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे. मोफत वाटलं म्हणून ते कमी जोखमीचं होत नाही.

गोळी देण्याआधी विचारा. वय साठीच्या पुढं आहे का? पूर्वी कधी अल्सर झालाय, रक्ताची उलटी झालीय, काळी संडास झालीय का? रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांत रक्त पातळ करायची आहे का? आज वाटेत आणखी कुठून गोळी घेतली का? यांतल्या एकाचंही उत्तर "हो" आलं तर या गटातली गोळी नको. माणसाला औषधाचं नाव सांगता येत नाही, म्हणून "पिशवी दाखवा माउली" म्हणा. आमच्या त्या आजीची पिशवी कुणी एकानं जरी बघितली असती तर बरं झालं असतं. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन वाटेत बंद करा असं कुणालाही सांगू नका, त्यानं दुसराच घात होईल.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठेवा. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी, गरज पडलीच तर सहा तासांनी पुन्हा. सांगितलेल्या प्रमाणात ती जठराच्या रक्तपुरवठ्याला हात लावत नाही. यकृताचा आजार असलेल्यांना आणि रोज दारू पिणाऱ्यांना तेवढी विचारून द्या. पण पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला ॲसिक्लोफिनॅक घातलेलं असतं आणि देणारा त्याला "साधी तापाची गोळी" समजून देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातलेल्या १५६ मिश्र औषधांत ॲसिक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम हे मिश्रणही होतं, पण वेगळ्या प्रमाणातली अशी मिश्रणं अजून सर्रास मिळतात. औषधं दान करणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की खोकी पाठवताना ही मिश्रणं पाठवू नका.

गुडघ्याला, पोटरीला चोळायला जेल द्या. त्यातही डायक्लोफिनॅकच असतं, पण कातडीतून रक्तात जाणारं प्रमाण गोळीच्या मानानं फार थोडं असतं. आणि ज्या मंडळांचं फारसं नाव होत नाही, ती पाय धुऊन, तेल लावून, पोटऱ्या चेपून देणारी मंडळं खरं म्हणजे या वाटेवरचं सगळ्यात उत्तम वेदनाशामक देत आहेत. गरम पाणी, घटकाभर उशीवर उंच ठेवलेले पाय, गुडघ्याला इलॅस्टिकची पट्टी, मीठ-साखरेचं पाणी. औषधाच्या टेबलाचे निम्मे पैसे तिकडं वळवले तर चालतील.

डॉक्टर सहकाऱ्यांशी थोडं वेगळं बोलते. डायक्लोफिनॅकच्या सुईसोबत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सुई देण्याची पद्धत आपल्याकडं आहे. माणूस दहा मिनिटांत उठून चालू लागतो आणि आपल्याला दुवा देतो, हे मलाही माहीत आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या लोकांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही दोन्ही प्रकारची औषधं एकत्र घेणाऱ्यांना व्रणाचा गंभीर त्रास होण्याचा धोका, दोन्ही न घेणाऱ्यांच्या सुमारे पंधरापट आढळला होता. वारीच्या वाटेवर, उपाशी, कोरड्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती जोडी नका देऊ. तो पुढच्या मुक्कामाला सुखरूप पोहोचला की नाही हे बघायला तुम्ही तिथं नसणार आहात.

तरुण, निरोगी वारकऱ्याचा पाय मुरगळला आणि त्यानं जेवून, पुरेसं पाणी पिऊन एक-दोन दिवस आयबुप्रोफेन घेतलं तर मी त्याला अडवणार नाही. त्याच्या जठरातही बारीक ओरखडे येतील, पण ते बहुधा आपसूक भरतील. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या माझ्याच रुग्णांचे दिवस या गोळ्यांवर निभतात, पण त्यांची तपासणी होते, सोबत ॲसिड कमी करणारी गोळी असते, आणि काळी संडास झाली तर त्याच दिवशी फोन करायचा हे त्यांना पाठ असतं.

ही शेवटची गोष्ट वारीत कुणीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर एक फलक लावा, मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चोपदारांनी किंवा विणेकऱ्यांनी संध्याकाळच्या वेळी मोठ्यानं सांगावा. मजकूर मी लिहून देते, हवा तसा छापा, माझं नाव टाकायची गरज नाही:

"माउली, अंगदुखीची गोळी घेतली असेल आणि संडास डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली, चहाच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी झाली, उठताना अंधारी आली, तर चालू नका. पोट दुखत नसलं तरी चालू नका. राहिलेल्या अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका. दिंडीतल्या कुणालाही सांगा आणि १०८ ची गाडी बोलवा. गोळ्यांची पाकिटं फेकू नका, डॉक्टरांना दाखवा."

लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते, पण ती अशी चिकट, चकाकणारी नसते. शंका आली तरी पाठवून द्या. आम्ही तपासून काही नाही म्हणून परत पाठवलं तर त्यात कुणाचंच नुकसान नाही.

यंदा पालखी आमच्या भागातून जाईल त्या दिवसांत मी दुपारी चारनंतर रस्त्यावरच्या एका टेबलाशी असेन. माझ्याकडं गोळ्या फार नसतील. तेल असेल, गरम पाणी असेल, आणि "पिशवी दाखवा" म्हणणारं एक माणूस असेल. तुमच्यापैकी कुणाला आपल्या साठ्यातली पाकिटं घेऊन यायचं असेल तर या, मागचं बारीक अक्षर आपण मिळून वाचू आणि कोणतं बाजूला ठेवायचं ते ठरवू. ती आजीही यंदा येणार आहे असा तिच्या मुलाचा फोन होता. चालत नाही, गाडीनं, पण वाखरीचं रिंगण तिला बघायचं आहे.

आपली,
पालखीमार्गावरची एक डॉक्टर